लहानपणीचा टीव्ही गेम पुन्हा खेळायचा असेल तर

मागच्या दिवाळीत लॅपटॉपवर मारिओ लावला आणि पाच मिनिटांत बंद केला. काहीतरी खटकत होतं. चित्र तेच, विटा त्याच, पाईप त्याच जागी. पण मारिओ शेवटची एसटी पकडायची असल्यासारखा धावत होता. कासवं अंदाजाच्या आधीच अंगावर येत होती. बायको म्हणाली, वय झालं आता. वय झालंच आहे, पण चूक माझी एकट्याची नव्हती. खरोखरच तो गेम माझ्या लहानपणीच्या गेमपेक्षा वेगाने चालत होता.

कारण साधं आहे. निन्टेंडो या जपानी कंपनीचं मूळ जपानी आणि अमेरिकन यंत्र सेकंदाला ६० चित्रं दाखवायचं. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५०. इथल्या टीव्हीला चालावीत म्हणून बनवलेली नक्कल-यंत्रं सगळा गेमच ५० च्या ठेक्यावर चालवायची. मारिओची धाव, कासवांची चाल, कोपऱ्यातलं घड्याळ, सगळं एक षष्ठांशाने संथ. मुळात दीड मिनिटात पार होणारं अंतर आपल्याकडे पावणेदोन मिनिटांच्या वर जायचं. गाण्याचं तर आणखी गमतीदार: चिपचा वेग जवळजवळ तेवढाच राहिल्यामुळे सूर बदलला नाही, फक्त लय उतरली. आपल्या पिढीच्या कानात मारिओ विलंबित लयीत बसला आहे.

म्हणून या लेखातली पहिली पायरी कुठली वायर कुठे लावायची ही नाही. जुना गेम पुन्हा खेळायचा म्हणजे नक्की कशाकडे जायचं, मूळ गेमकडे की आपण खेळलो त्या गेमकडे, हे आधी ठरवा. दोन्ही रास्त आहेत, पण पुढच्या सगळ्या खटाटोपाची दिशा त्यावर ठरते.

आपण खेळलो ते काय होतं?

निन्टेंडोने जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम नावाचं यंत्र बाजारात आणलं, किंमत १४,८०० येन. त्याचीच अमेरिकन आवृत्ती, एनईएस, १९८५ मध्ये आली. आपल्या घरी आलं ते बहुधा यातलं कुठलंच नव्हतं. कुणाकडे समुराई, कुणाकडे मीडिया, कुणाकडे लिटल मास्टर, आणि बऱ्याच जणांकडे नाव नसलेलं किंवा दर वर्षी नाव बदलणारं काहीतरी. आम्ही सगळ्यालाच 'टीव्ही गेम' म्हणायचो, त्याच्या कार्ट्रिजला 'कॅसेट' आणि हातातल्या पॅडला 'रिमोट'. इथेही तेच शब्द वापरतो.

आतली करामत मात्र फॅमिकॉमचीच: ८ बिटांचा प्रोसेसर, २ किलोबाइट मेमरी, २५६ गुणिले २४० ठिपक्यांचं चित्र. एका आडव्या रेषेत आठच हलती चित्रं दाखवता येत. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये गर्दी झाली की गोळ्या आणि माणसं लुकलुकायची ती त्यामुळे, टीव्ही खराब झाल्यामुळे नव्हे. पहिला सुपर मारिओ अख्खाच्या अख्खा ४० किलोबाइटचा. सकाळी काकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं गुलाबाचं फूल त्याहून जड असतं. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकाच आकाराचे काढलेत, फक्त रंग वेगळा. एकदा कळलं की दर वेळी दिसतं.

माळ्यावरचं यंत्र जिवंत करताना

यंत्र सापडलं की लगेच प्लग लावू नका. माझा एक टीव्ही गेम मी अशाच उतावीळपणाने घालवला. जुन्या बाजारातून आणला, विकणाऱ्याने 'चालू आहे' म्हणून त्यासोबतच एक अडॅप्टर दिला, घरी लावला आणि दहा सेकंदांत आतल्या पट्टीच्या जळक्या फिनोलिकचा वास. अडॅप्टर भलताच होता.

यंत्राच्या पाठीवर किंवा बुडाला किती व्होल्ट हे छापलेलं असतं, बहुधा ९ व्होल्ट डीसी. त्याच्या शेजारी एक गोल आणि त्यात एक ठिपका काढलेला असतो; ठिपक्याला जोडलेली खूण अधिक आहे की उणे ते पाहा. मधली पिन कोणती, हे ती सांगते. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी आणि मधली पिन उणे लागते. नकलांमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. अमेरिकन एनईएसचा अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो. तो आपल्या नकलेला लावलात तर माझ्यासारखाच वास येईल. खूण पुसली गेली असेल तर अडॅप्टर मल्टीमीटरने मोजा, आणि यंत्र उघडून त्याची ग्राउंडची, म्हणजे उणे, बाजू पिनेच्या कुठल्या टोकाला जाते हे जाणकाराकडून बघून घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे काम कळणारी माणसं आहेत.

उघडल्यावर निराश होऊ नका. एवढ्या मोठ्या डब्यात हाताच्या तळव्याएवढी पट्टी असते आणि तिच्यावर डांबराचा थेंब पडल्यासारखा काळा ठिपका. संपूर्ण फॅमिकॉम त्या ठिपक्याखाली आहे. बाकी डबा पोकळ. काही यंत्रांत वजन वाटावं म्हणून लोखंडी पट्टी टाकलेलीही मी पाहिली आहे.

आता कॅसेट. फुंकर मारायची नाही. हे वाचून दुखावले जाल याची कल्पना आहे, कारण फुंकर हे आपलं शास्त्र होतं: आधी हळू, मग जोरात, मग शर्टाच्या टोकाने पुसून. पण श्वासातल्या ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्यांवर गंज चढतो. निन्टेंडो स्वतः फुंकू नका असंच सांगायची. मग गेम चालू कसा व्हायचा? फुंकण्यासाठी कॅसेट काढून पुन्हा बसवली जायची, त्या घासण्याने पिना नीट टेकायच्या. श्रेय फुंकरीला मिळायचं.

योग्य रीत ही. शाळेत वापरतात तो पांढरा खोडरबर घ्या, खरखरीत निळ्या टोकाचा नको. पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने चार-पाच वेळा घासा, आडवं घासू नका. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकोरण्याच्या कापसाच्या काडीला लावून पट्ट्या पुसा. काडी काळी होईल. पांढरी निघेपर्यंत काड्या बदला. पाच-दहा मिनिटं वाळू द्या. यंत्राच्या खाचेसाठी त्याच कॅसेटला पुन्हा थोडं अल्कोहोल लावून, ते किंचित ओलं असताना, वीज बंद ठेवून, तीन-चार वेळा आत-बाहेर करा आणि कॅसेट पुन्हा पुसा. खाचेत टाचणी किंवा स्क्रूड्रायव्हर घालून पिना वाकवू नका. तिथे एक पिन तुटली की खेळ खलास.

'९९,९९९ इन १' वाली कॅसेट चालू झाली तर यादीच्या मोहात पडू नका. आत पंधरा-वीस खरे गेम असतात. उरलेले आकडे म्हणजे तेच गेम वेगळ्या स्टेजपासून किंवा वेगळ्या नावाने. लहानपणी आम्ही भावंडांनी एका वहीत कुठल्या नंबरला काय याची यादी केली होती. तीनशेच्या पुढे गेल्यावर कुणालाच उत्साह उरला नाही.

टीव्हीला जोडणं

यंत्राला पिवळी-पांढरी भोकं असतील तर सोपं आहे. पिवळं चित्राचं, पांढरं आवाजाचं. हल्लीच्या टीव्हीला ही भोकं वेगळी नसतात, हेडफोनसारख्या एकाच बारीक भोकात एव्ही असं लिहिलेलं असतं, त्यासाठी टीव्हीसोबत आलेली छोटी वायर शोधा. फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीच्या अ‍ॅनालॉग ट्यूनरवर जाऊन व्हीएचएफ पट्ट्यात हाताने शोध घ्या. मुंग्यांमधून चित्र उमटलं की बारीक ट्यूनिंग करा. जुन्या डायनोरा टीव्हीची चकती फिरवलेल्यांना हे शिकवायला नको.

स्वस्तातला एव्ही-टू-एचडीएमआय डबा घेतला तर चित्र येतं, पण कुठे पुसट, कुठे हलताना रेघांचं, आणि बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा. टीव्ही गेम जे साधं चित्र पाठवतो त्याला हे डबे दूरदर्शनच्या कार्यक्रमासारखं समजतात आणि दोन-दोन चित्रं एकत्र करायला जातात. निदान टीव्हीच्या मेन्यूत 'गेम मोड' चालू करा, चित्र 'सुधारणाऱ्या' सगळ्या सोयी बंद करा आणि चौकट ४:३ ठेवा. ताणून रुंद केलेला मारिओ माझ्याच्याने बघवत नाही.

सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे जुना डबा टीव्ही. भंगारात फुकटही मिळतो. तो उघडायचा मात्र अजिबात नाही. बंद केल्यावरही आत हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो. राहता राहिली आईची भीती, की गेम खेळल्याने पिक्चर ट्यूब जाते. तासन्‌तास एकच चित्र ठेवलं तर पडद्यावर त्याचा डाग उमटू शकतो एवढं खरं. दोन तासांत ट्यूब जात नाही. तेव्हा हे तिला पटवता आलं असतं तर!

बंदूक का चालत नाही

बदकं मारायची बंदूक सापडली तर ती नव्या एलईडी टीव्हीला लावून पाहण्यात वेळ घालवू नका. बंदुकीतून पडद्याकडे काही जातच नाही, उलट पडद्यावरचा उजेड तिच्या नळीत येतो. तुम्ही चाप ओढला की गेम क्षणभर अख्खा पडदा काळा करतो आणि पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. नळीतल्या सेलला त्या क्षणी उजेड दिसला तर बदक पडलं. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक दाखवतो, म्हणजे कुठलं लागलं ते कळतं. हा सगळा कारभार सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागांत चालतो. डब्बा टीव्हीवर चित्र त्याच क्षणी उमटतं. नवा टीव्ही तेच थोडं थांबून, प्रक्रिया करून दाखवतो, तोवर बंदुकीची वाट बघण्याची वेळ संपलेली असते. एक गंमत: एका बदकाच्या प्रकारात दुसऱ्या रिमोटने बदक उडवता येतं. ताईने हे शोधून काढलं आणि आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. आम्ही सगळे बंदुकीला दोष देत बसलो.

यंत्र नसेल तर

विकत घेण्याचे रास्त मार्ग आहेत. निन्टेंडोच्या स्विच यंत्रावर वर्गणी भरून पहिला मारिओ आणि इतर बरेच जुने गेम मिळतात. कोनामीने २०१९ मध्ये कॉन्ट्राचा संग्रह काढला, तो संगणकावर स्टीमवरही आहे. टँकचा खरा गेम, बॅटल सिटी, नामकोच्या २०२० च्या संग्रहाच्या दुसऱ्या भागात आहे. यांत खटपट सगळ्यात कमी, पण वेग ६० चाच.

आपली लय हवी असेल तर एम्युलेटर, म्हणजे संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. मेसेन किंवा एफसीईयूएक्स घ्या आणि सेटिंगमध्ये 'रीजन' शोधा. तिथे एनटीएससी (६० वालं मूळ), पाल आणि डेंडी असे पर्याय दिसतील. डेंडी हे रशियात गाजलेल्या नक्कल-यंत्राचं नाव. आपल्याकडची पाल नक्कल-यंत्रं त्याच घराण्यातली. डेंडी निवडा, मारिओ लावा आणि डोळे मिटून फक्त गाणं ऐका. मी ऐकलं आणि पहिल्या चार सुरांत ओळखलं. नुसतं 'पाल' निवडलं तर लय तीच राहते, पण सूर खाली उतरलेला वाटतो, ते नको. गेमची फाइल मात्र तुमच्याकडच्या कॅसेटवरून उतरवलेली असावी. इंटरनेटवरून कुठूनही उचलणं कायद्यात बसत नाही.

मोबाइलच्या काचेवर खेळू नका. हजार-बाराशेचा साधा यूएसबी रिमोट घ्या, आणि घेताना एकच बघा: दिशेचं बटण अधिकच्या चिन्हासारखं आणि कडक आहे का. गोल, लिबलिबीत बटणावर कॉन्ट्रात वर गोळी मारायला जाल आणि तिरकी जाईल.

काय खेळायचं, कसं

मारिओ एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. तेव्हाही तो फारसा कुणी संपवला नव्हता. ८-३ ला पोचलो की भारनियमन. आठ जगं, प्रत्येकात चार स्टेज. खेळ संपला की सगळे पहिल्यापासून सुरू करायचो, पण तशी गरज नव्हती. शीर्षक दिसत असताना ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबलं की ज्या जगात मेलात त्याच जगाच्या पहिल्या स्टेजपासून सुरू होतं. हे मला पस्तिशीत कळलं. सगळी मे महिन्याची सुटी डोळ्यांपुढून गेली.

आडवाट आठवत असेलच: १-२ मध्ये शेवटाजवळ छताच्या विटांवर चढून बाहेर जायच्या पाईपच्याही पुढे चालत राहिलं की तीन पाईप लागतात, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जगाचे. चौथ्यात जा. ४-२ मध्ये लिफ्ट ओलांडल्यावर वर तीन विटा दिसतात. त्यांच्या खाली मोकळ्या हवेत उड्या मारल्या की अदृश्य ठोकळे उमटतात. त्यांवर चढून विटेतून वेल काढली की थेट आठव्या जगापर्यंत वाट. पण माझं ऐका, पहिल्यांदा आडवाटेने जाऊ नका. आठवं जग बोटं तयार नसताना गाठलं तर पहिल्याच खड्ड्यात सगळी लाईफ जातात.

कॉन्ट्राला लाज सोडून तीस लाईफ घ्या. शीर्षकावर वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए, मग स्टार्ट. दोघांना खेळायचं असेल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. ही चावी मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी ग्रेडियस या गेमच्या चाचणीसाठी घातली होती, कारण तो त्यांना स्वतःलाच फार अवघड वाटत होता. ते गेले २०२० मध्ये. तुमच्याकडची आवृत्ती ओळखायची खूण हवी असेल तर पहिल्या स्टेजवरची झाडी बघा. पानं हलत असतील तर ती जपानी आवृत्ती, स्थिर असतील तर अमेरिकन.

खेळताना 'एस'ची, म्हणजे पसरून गोळ्या मारणारी, बंदूक मिळाली की ती सोडू नका, दुसरं अक्षर उडत आलं तर उडी मारून चुकवा. आणि दोघांनी खेळताना तिसरी, धबधब्याची स्टेज आली की आधी बोलून घ्या. तिथे पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. मोठा भाऊ घाईने वर चढायचा, मी खालच्या दगडावर मरायचो. आमच्या घरातली बहुतेक भांडणं त्या धबधब्याखाली झाली आहेत. वर जाणाऱ्याने दोन दगड चढले की थांबायचं, 'आलास का?' विचारायचं, मग पुढे.

टँक हा माझ्या मते या सगळ्यांत कमी जुना झालेला गेम आहे. प्रत्येक स्टेजला शत्रूचे वीस रणगाडे, एकूण पस्तीस स्टेज. चौथा, अकरावा आणि अठरावा रणगाडा लुकलुकत येतो. त्याला मारला की बक्षीस पडतं. फावडं मिळालं तर आपल्या किल्ल्यातल्या गरुडाभोवतीच्या विटा काही वेळ पोलादी होतात, तेव्हा किल्ला सोडून पुढे जा. जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, काही क्षण जागीच थिजतो, आणि हे चुकून झालं असं कुणी कधी मानलेलं नाही. कॅसेटवरच्या 'टँक १९९०' नावाच्या बदललेल्या आवृत्तीत होडी, पिस्तूल अशी जादा बक्षिसं आहेत. मजा येते, पण मूळ गेमचा तोल तीत नाही.

बॉम्बरमॅन चांगला आहे पण एकट्याने खेळताना लांबतो. रोड फायटर पाच मिनिटांचा, चहा उकळेपर्यंतचा. सर्कस चार्लीचा दोरावरचा खेळ माकडांपुरता ठीक. आइस क्लाइंबर आठवणीतच बरा.

एम्युलेटरवर हवं तिथे खेळ साठवता येतो, आणि तिथेच घोळ होतो. दर उडीला साठवलं की मरण्याची भीती जाते आणि अर्ध्या तासात कंटाळा येतो. मी नियम केला आहे: फक्त नव्या स्टेजच्या सुरुवातीला साठवायचं, मधे नाही. भारनियमनापुरती सूट.

खेळून झालं की आधी यंत्राचं बटण बंद, मग कॅसेट बाहेर. चालू असताना ओढायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, ती सोडा. अडॅप्टर भिंतीतून काढा, जुने लोखंडी अडॅप्टर नुसते लावून ठेवले तरी तापतात. कॅसेट बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिकाच्या पुडीसह झिपच्या पिशवीत ठेवा, कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात दोन पुड्या. आणि मागे बॉलपेनने नाव लिहिलेली चिठ्ठी असेल तर ती खरवडू नका. माझ्या पिवळ्या कॅसेटवर समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलाचं नाव आहे. एका रविवारसाठी आणली होती, द्यायची राहिली.